प्रयोगशाळेचं कुलूप

शाळेत पोट्टे मला पाठीमागून मिरची म्हणायचे. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. दिग्रसच्या एका शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. घर पुसदला, त्यामुळे रोज एस.टी.नं अपडाऊन. सकाळी कंडक्टरशी भांडायचं, दुपारी हेडमास्तरांशी भांडायचं, संध्याकाळी नवऱ्याशी भांडायला अंगात त्राण उरायचं नाही. कुठं अन्याय दिसला की आपण गप्प बसत नाही, असा माझा स्वतःबद्दल फार वर्षं समज होता. तो कसा गेला ते सांगते.

माझी एक विद्यार्थिनी होती. विद्यार्थिनी मी आज म्हणते आहे. तेव्हा हजेरीत ती मुलांच्या यादीत होती आणि मीही तिला 'अरे' म्हणूनच हाक मारायचे. नववीत आमच्याकडे आली. उंच, सडपातळ, केस मानेपर्यंत आलेले. बोलता बोलता तिचा हात खांद्याकडे जायचा, ओढणी सावरावी तसा. खांद्यावर काही नसायचं. अक्षर असं की तिची प्रयोगवही मी दुसऱ्या तुकडीत फिरवून दाखवायचे. सूक्ष्मदर्शकाला एकदा डोळा लावला की बाजूलाच व्हायची नाही. एकदा म्हणाली, "मॅडम, दवाखान्यात ते रक्त तपासत राह्यते ना, मले तसं काम पाह्यजे." मी म्हटलं, "मग आधी दहावी हो."

दहावीवरच सगळं अडलेलं होतं. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचा. त्यानं घरी सांगून ठेवलं होतं की पोरगा दहावी पास झाला तर पुढं शिकवीन, नाही तर माझ्याबरोबर जिनिंगला. तिथल्या गड्यांमध्ये तिचं काय होईल हे तिला पक्कं माहीत होतं, कारण बापाचा डबा घेऊन ती जायची तेव्हा त्यातले दोघंतिघं काय बोलायचे ते ती ऐकत आली होती. आई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव येईना म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलेला. खोलीत कापूस आणि माणसं ओसरीवर. वर्गातली निम्मी पोरं अंग खाजवत बसायची. घराघरात सगळे चिडलेले, आणि घरातली चीड पोट्टे दप्तरात घालून शाळेत आणायचे. ती कोणावर काढायची हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

तिला काय काय म्हणायचे ते मी लिहीत नाही. मधल्या सुट्टीत मुलांच्या मुतारीकडे ती गेली की पाच-सहा जण मागून जायचे. मग तिनं जाणंच सोडलं. जायला लागू नये म्हणून सकाळपासून पाणी पिणं सोडलं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एके दिवशी प्रकाशाचं परावर्तन शिकवताना ती बाकावरून खाली पडली, तेव्हा मी पाणी पाजायला गेले तर ती तोंड फिरवायला लागली. "पाणी नको मॅडम, अजून चार तास हायेत शाळेले." मला समजायलाच वेळ लागला. समजलं तेव्हा माझं डोकं असं फिरलं की त्या सहाही पोट्ट्यांना मी ग्राउंडवर उभं करून छड्या हाणल्या. वाटलं, चला, एक काम झालं.

काही झालं नव्हतं. शाळेत तिला छळायची सोय गेली म्हणून ती पोरं आता जिनिंगच्या भिंतीशी थांबायला लागले. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, तुमी मारू नका त्यायले. तुमचा राग माह्यावर निंगते."

मी हेडमास्तरांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या डोळ्यासमोर कायम पटसंख्या. आधीच वेचणीच्या दिवसांत निम्मे वर्ग रिकामे. ते म्हणाले, "मॅडम, त्याले जरा पोरासारखं चालायले सांगा ना. उद्या पालक येऊन म्हणतीन, असं पोरगं आमच्या पोरायसंग काहून बसवता, तं मी काय सांगू?" स्टाफरूममध्ये एकानं तिच्या चालीची नक्कल केली आणि बाकीचे हसले. मी टेबलावर डस्टर आपटलं. सगळे गप्प झाले. माझ्या डस्टरचा तेवढा दरारा होता.

मग तोडगा मीच काढला. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात. मधल्या सुट्टीत तिनं प्रयोगशाळेत बसायचं, डबा खायचा, अभ्यास करायचा. आत बेसिन होतं, पाण्याचा नळ होता. सुट्टी संपल्याची घंटा झाली की सगळे वर्गात जातात, तेव्हा पाच मिनिटं स्टाफच्या बाथरूमला तिला मी स्वतः न्यायचं. प्रयोगशाळेच्या दाराची आतली कडी मोडलेली होती आणि पोट्टे दार ढकलणार हे नक्की. म्हणून बाहेरून कुलूप लावायचं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवायची. माझ्या या बंदोबस्तावर मी इतकी खूश होते की घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या नर्सबाईला सांगितलं. "कोणी तरी केलं पाहिजे ना," असंही म्हटलं.

तिच्या आईला भेटायला गेले तर ती शेतातून येत होती, डोक्यात रुईचे धागे अडकलेले. माझं ऐकून तिनं हातच जोडले. "कोंडून ठेवा मॅडम, नाई तं काई करा, पन दाहावी होऊ द्या त्याची."

ती वर्षभर तिथं कोंडलेली राहिली. रोज अर्धा तास. तिनं बाटल्यांवरची उडालेली लेबलं नव्यानं लिहिली, परीक्षानळ्या धुऊन लावल्या, साप ठेवलेल्या बरणीवरची धूळ पुसली. मी कुलूप लावून वळायचे तेव्हा ती जाळीच्या खिडकीशी उभी असायची आणि बाहेर पोरी लंगडी खेळत असायच्या. एकदा म्हणाली, "मॅडम, आतून कडी बसवून घेतली तं? मीच लावीन, मीच काढीन."

सुताराला बोलवायचं तर अर्ध्या तासाचं काम. मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हटलं, "अरे, ॲसिड आहे आत, सामान आहे शाळेचं. आतून कडी लावून कोण काय करेल, कोणाला माहीत?"

कोण म्हणजे तीच ना. आत दुसरं होतं कोण.

ती म्हणाली, "त्रास ते देतेत, मंग कुलपात मी काहून?" मला राग आला. एवढं करते आहे आणि वर हे. "तुझ्यासाठीच करते आहे ना मी?" असं खेकसून मी कुलूप लावलं.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घरात तीन पिढ्या नोकरीतल्या. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, सासरीही तेच. सही करण्याआधी कागद तीनदा वाचायचा आणि जबाबदारी आपल्या अंगावर येईल असं तोंडानं बोलायचं नाही, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं. मी भांडायचे खूप, पण माझं सगळं भांडण तोंडी असायचं. माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

जानेवारीत एका दुपारी तिला आत सोडून मी कुलूप लावलं आणि तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला. दहावीच्या काही फॉर्ममध्ये चुका निघाल्या होत्या, आजच्या आज यवतमाळला कागद पोचवायचे होते, गाडी सुटायला वीस मिनिटं होती. मी फाईल घेऊन स्टँडकडे पळत सुटले. दारव्ह्याला गाडी थांबली, चहासाठी उतरले, पर्समध्ये रुमाल शोधायला हात घातला आणि किल्ली हाताला लागली.

एस.टी.डी. बूथवरून शाळेत फोन लावला. क्लार्क म्हणाला, "साहेब मीटिंगले गेले मॅडम. मी तोडतो कुलूप, पण सामानाची लॅब आहे, उद्या काही कमीजास्त झालं तं जिम्मेदारी कोणाची? तुमी घेता का? मग लिहून ठेवतो, तुमच्या सांगण्यावरून तोडलं म्हणून."

एवढंच म्हणायचं होतं, की लिहा, माझी जिम्मेदारी. मी म्हटलं, "थांबा, मीच येते परत." ड्रायव्हरच्या ओळखीच्या एका माणसाकडे कागद दिले आणि उलटी गाडी पकडली. ती गाडी तासाभरानं सुटली. रस्त्यात कापसाच्या बंड्यांची रांग लागली होती, एकेक बैल बसून घेत होता. मी खिडकीशी बसून क्लार्कला शिव्या घालत होते. स्वतःला एकही घातली नाही.

शाळेत पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. शाळा सुटलेली. शिपाई व्हरांड्यात उभा होता, त्यानं मान खाली घालून काय झालं ते सांगितलं. ती आत अडकली आहे हे पाचव्या तासाला पोरांना कळलं होतं. मग सहाव्या, सातव्या, आठव्या तासाला कोण ना कोण पाणी प्यायच्या निमित्तानं उठून यायचं. दारावर लाथा, जाळीतून खडू, दगड, घाणेरडी गाणी. शेजारच्या वर्गातले सर दोनदा ओरडले आणि मग इतिहास शिकवत राहिले.

मी कुलूप काढलं. ती मोठ्या टेबलाखाली बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. पँट ओली होती, नळाखाली धुऊन पुन्हा घातलेली. थंडीनं दात वाजत होते. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मॅडम, फरशी पुसली मी. वास नाई येनार."

मी रडले. रडणं मला लवकर येतं. तिला शाल दिली, घराजवळ सोडून आले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्या आठवड्यात आली नाही. पुढच्याही नाही.

रविवारी मी विचारत विचारत त्या वावरात गेले. शेवटची वेचणी चालली होती. बाया एका ओळीत, प्रत्येकीपुढे तिची पात, तिनं वेचत न्यायची झाडांची रांग. मधोमध ती होती. कमरेला आईच्या जुन्या लुगड्याची ओटी बांधलेली, डोक्याला रुमाल, दोन्ही हात कापसाच्या पऱ्हाटीवर भराभर चाललेले. वेचणी बायांचं काम. एरवी कोणी पोरगा त्यात उतरला की त्याला हसतात. तिला कोणी हसत नव्हतं. उजव्या बाजूला आई, डाव्या बाजूला एक म्हातारी. तिच्या पातीत एखादं बोंड राहिलं तर म्हातारी जाता जाता वेचून तिच्या ओटीत टाकायची आणि वरून चार शब्द ऐकवायची. ती खळखळून हसत होती. दोन वर्षांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. तो आवाज तिचा आहे हे ओळखायलाही मला क्षणभर थांबावं लागलं.

म्हातारीनं मला पाहिलं. "या मॅडम, धरा पात. येका दिसात बोटं सोलून निंगतीन." बाया हसल्या. मग म्हातारी म्हणाली, "हिले न्याले आल्या काय? नेऊ नका बाप्पा, आमची ओळ हिच्याबिगर पुढं सरकत नाई." हिले. इतक्या सहज म्हटलं तिनं. त्या बायांनी तिच्यासाठी काही बंदोबस्त केला नव्हता. तिला एक पात दिली होती.

आम्ही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलो. मी म्हटलं, "चुकलं माझं. पण परीक्षेला बस. वर्ष घालवू नकोस, बाप तुला जिनिंगला लावेल." तुझी वेगळ्या खोलीत बसायची व्यवस्था करते, असंही म्हटलं. इतकं होऊनही मला खोलीच सुचली.

ती बोंडाचं वाळलेलं टरफल चिमटीत फिरवत होती. "येते मी परीक्षेले. पण मले येगळ्या खोलीत नका बसवू. वर्गात बसते, सगळ्याइसंग." टरफल टाकून दिलं. "आन् मॅडम, झडती तुमी घ्या माही. पोरायच्या रांगेत नका धाडू."

सहामाहीला मुलांच्या रांगेत झडती घेणाऱ्या सरांनी कॉपी शोधायच्या नावाखाली काय केलं होतं ते तिनं मला तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, मागे उभी पोरं मोजत होती, सरांचा हात किती वेळ राहते ते. मी ऐकून संतापले. म्हटलं, "माझीच ड्युटी असते मुलींच्या रांगेला. सरळ माझ्याकडे यायचं. मी घेते तुझी झडती. कोण काय म्हणतं बघतेच मी."

"नक्की ना मॅडम?"

"शब्द आहे माझा."

पहिला पेपर मराठीचा. केंद्र आमचीच शाळा. फाटकाबाहेर पोलीस, पालकांना तिथंच अडवलेलं. त्या गर्दीत मला तिची आई दिसली, ती म्हातारी दिसली, आणखी दोघी. रोज बुडवून आल्या होत्या. आत, व्हरांड्याच्या पायऱ्यांशी दोन रांगा. मुलांच्या रांगेला तेच सर. मुलींच्या रांगेला मी. मध्ये केंद्रसंचालक खुर्ची टाकून बसलेले, आणि नेमकं त्याच दिवशी भरारी पथकाची जीप आलेली, त्यातले दोघं वही घेऊन उभे.

ती आली. धुतलेला शर्ट, केसांना तेल, हातात हॉलतिकीट आणि दोन पेनं. सरळ माझ्याकडे आली. माझ्या रांगेतल्या दोन पोरी मागे वळून हसल्या, एक जरा सरकली. तिला जागा झाली. ती उभी राहिली. पुढे तिघी होत्या, मग दोघी, मग एक.

केंद्रसंचालकांनी मान वर केली. "ए, तू इकडं कायले? पोरायची लाईन तिकडं हाय."

ती हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मला फक्त एवढं म्हणायचं होतं की ही माझ्या रांगेत आहे. चार शब्द. नाही तर तेही नको, नुसता हात पुढे करायचा होता. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी लपवत नाही. पथकातला माणूस वहीत काय लिहील. बाईनं पोराच्या अंगाला हात लावला, असं उद्या गावभर झालं तर. सस्पेन्शन. माझी मुलगी लग्नाची होती. सासरचे काय म्हणतील. एका श्वासात एवढं सगळं सुचलं मला. तोंडानं फटकळ म्हणून प्रसिद्ध असलेली बाई मी, माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"मॅडम?" केंद्रसंचालक म्हणाले.

मी तिच्या डोळ्यांकडे न बघता म्हटलं, "जा, तिकडे जा. वेळ होतो आहे."

ती गेली. मुलांच्या रांगेच्या शेवटी उभी राहिली. मी पुढच्या मुलीची झडती घेतली, कंपासपेटी उघडायला लावली, रुमाल झटकायला लावला. कान सगळे त्या बाजूला. तिची पाळी आली तशी मागून शिट्टी आली, कोणी तरी मोजायला लागलं, एक, दोन, तीन, आणि दोघंतिघं त्यात मिसळले. पथकातले दोघंही हसले. मी मान वर केली तेव्हा ती पायऱ्या चढत नव्हती. ती फाटकाकडे चालत होती. पळत नव्हती. मागून घंटा झाली.

मी मराठीच्या पेपरला तीन तास सुपरव्हिजन केलं. माझ्या वर्गात एक बाक रिकामा होता. गैरहजर विद्यार्थ्यांच्या तक्त्यात तिचा नंबर मीच लिहिला.

पंधरा दिवसांनी तिची आई शाळेत आली. जिनिंगमध्ये कामावर घ्यायला वयाचा पुरावा मागत होते, त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. मी ऑफिसात होते. मला पाहून ती उठून उभी राहिली. आता ही मला बोलणार असं वाटलं. मी तयार होते. खरं तर तिनं बोलावं असंच मला वाटत होतं.

ती म्हणाली, "मॅडम, तुमी लय केलं त्याच्यासाठी. आमचंच नशीब खोटं. आयत्या टायमाले भेलं ते, पेपरले."

तेव्हा मला कळलं की पोरीनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. माझा शब्द आईला माहीत नव्हता. रांग माहीत नव्हती. दारव्ह्याचा फोनही माहीत नव्हता.

क्लार्क दाखला लिहीत होता. तो मध्येच मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "हो. परीक्षेची भीती वाटते बऱ्याच मुलांना."

त्याची नजर चुकवायला मी दाराकडे पाहिलं. ती तिथंच उभी होती, चौकटीला टेकून. केस कापलेले होते, अगदी बारीक, कानाच्या वरपर्यंत. तिनं सगळं ऐकलं होतं. आईनं तिला विचारलं, "कायले भेलतास रे येवढा? मॅडम होत्या ना तुह्या तिथं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग आत आली, टेबलावरचा दाखला उचलला आणि त्याची नीट घडी केली.

"व्हय," ती म्हणाली. "मीच भेलतो."